नव्या रिंगेचा भात

बाजाराच्या मागच्या गल्लीत, कुलूपवाल्याच्या दुकानाला खेटून एक चिंचोळं दुकान आहे. दारावर पाटी नाही. चौकटीला एक खिळा आणि त्या खिळ्याला लहानमोठ्या रबरी रिंगांची माळ, तीच पाटी. आत हाताने दाबायचं एक लोखंडी यंत्र, भिंतीशी उभ्या केलेल्या रबराच्या शीटच्या गुंडाळ्या आणि सगळ्यावर शंखजिऱ्याच्या पुडीचा पांढरा थर. या सगळ्याच्या मधोमध, स्टुलावर उशी घेऊन बसलेल्या रिंगमावशी.

त्यांना खरं नाव आहे, पण ते फक्त विजेच्या बिलावर. बाजाराला त्या रिंगमावशी म्हणूनच ठाऊक. दुधाच्या कॅनच्या झाकणाची रिंग, लोणच्याच्या बरणीची, थर्मासच्या बुचाची, पिण्याच्या पाण्याच्या नळातली चकती. थोडक्यात, अन्नपाण्याला रबर जिथे शिवतं तिथे मावशी. मोटारीची, पंपाची, नाहीतर दाराखाली लावायची रबरं मागायला कोणी आलं, तर त्या बसल्या जागेवरून पलीकडच्या रबराच्या दुकानाकडे बोट दाखवायच्या. "ते तिकडे. माझ्याकडे पोटात जाणाऱ्यांचं काम."

नवरा असतानापासून त्यांची एक रीत होती. नवी शीट आली की तिची बोटभर पट्टी कापायची आणि साध्या पाण्यात झाकण ठेवून तासभर उकळायची. मग झाकण उचलून पहिली वाफ नाकात घ्यायची. ते पाणी पांढऱ्या वाटीत ओतून उजेडाशी धरायचं. रंग उतरलाय का, वर तवंग आलाय का, ते बघायचं. पट्टी कोरडी झाली की पांढऱ्या फडक्यावर घासायची. फडक्याला काळं लागलं, की शीट आल्या पावली परत.

एवढ्यातून पार पडली, तरी परीक्षा संपत नसे. मग घरची पाळी. स्वयंपाकघरात एक जुनं, जाड बुडाचं भांडं होतं, झाकण चारी बाजूंनी स्क्रूने आवळायचं. नव्या शीटची एक रिंग कापून त्या झाकणाला बसवायची आणि तीन दिवस घरचा भात त्यातच शिजवायचा. तो सगळ्यांनी खायचा. पहिल्या दिवशी वास नवा असतो, दुसऱ्या दिवशी शंका असते, तिसऱ्या दिवशी खरं काय ते कळतं, असं नवरा म्हणायचा. तिसऱ्या दिवशीचा घास घेऊन मावशी "उत्तम" म्हणाल्या, की चौथ्या दिवशी ती शीट दुकानातल्या यंत्राखाली जायची.

आणि रोज सकाळी दुकानाचं कुलूप काढायच्या आधी, किल्ली मुठीत धरून, एकच मागणं. "देवा, माझ्या हातून कुणाच्या पोटात वाईट जाऊ देऊ नकोस." दुसरं काही मागितल्याचं त्यांच्या सुनेनेही कधी ऐकलं नव्हतं.

मावशींच्या नाकाची बाजारात ख्याती होती. जुनी रिंग बदलायला कोणी आणली, की त्या ती नाकाजवळ न्यायच्या आणि सांगायच्या, "ही तेलाच्या डब्याला लावली होतीत. तेलाने फुगली. तेलाला वेगळं रबर लागतं, दुधाला वेगळं." नाहीतर, "ही धुऊन तशीच ओली मिटून ठेवता. कोरडी करत जा, बाई." गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. कुलूपवाला तर नेहमी म्हणायचा, "मावशी, माझ्या कुलपांचं जाऊ द्या, तुमच्या नाकाचा विमा उतरवा!"

यंदा थंडी सरता सरता मावशींना ताप आला. चार दिवस अंगात कणकण, पाचव्या दिवशी उतरला. सहाव्या दिवशी अंघोळ करताना त्यांच्या लक्षात आलं, की साबणाला वास नाही. त्यांनी साबण बदलला. दुसऱ्यालाही नाही. दुकानात आल्या, दार उघडलं, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा रबराचा वास त्यांच्या अंगावर आला नाही. जणू कोणीतरी रातोरात दुकान रिकामं करून गेलं होतं. गुंडाळ्या तर होत्या तिथेच होत्या.

सर्दीचा शेष असेल, जाईल, असं त्या मनाशी म्हणाल्या. आठ दिवस गेले. वाफ घेतली, नाकात तुपाचा थेंब सोडला. तीन आठवडे झाले. नाक म्हणजे चेहऱ्यावर ठेवलेली नुसती वस्तू झाली होती, आणि जिभेची चवही त्याच्याबरोबर गेली होती. पण हे त्या कोणाला म्हणून बोलल्या नाहीत. गिऱ्हाइकाने जुनी रिंग पुढे केली, की त्या सवयीने ती नाकाजवळ न्यायच्या आणि डोळ्यांनी जे दिसे त्यावरून अंदाज ठोकायच्या. बरेचदा जमायचं. न सांगण्याचं कारण साधं होतं. बाजार रिंगा त्यांच्या हातच्या घेत होता खरा, पण भरवसा टाकत होता नाकावर. ते नाक गेलं म्हटल्यावर उरलं काय, आठ फुटांचं दुकान आणि एक म्हातारी?

नेमक्या त्याच दिवसांत, इतकी वर्षं ज्या कारखान्यातून शीट यायची तो बंद झाला. मालक थकला होता, मुलं परगावी. नव्या व्यापाऱ्याने फोनवर सांगितलं, "मावशी, एक नंबर माल. खाण्यापिण्याचाच. तपासणीचा कागद मागाहून पाठवतो." शीट आली. रंग तोच, राखाडी. जाडी तीच. पूडही तशीच लावलेली.

त्या शीटची वाट बघत होतं पाळणाघर. गल्लीच्या टोकाला, दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर ते भरायचं. साठ मुलं, आणि प्रत्येकाची झाकणाची दुधाची बाटली. झाकणात एक चपटी रिंग. दर सहा महिन्यांनी साठच्या साठ रिंगा बदलायच्या, हा तिथल्या आचाऱ्याचा नेम, आणि रिंगा मावशींच्याच घ्यायच्या हाही त्याचाच.

मावशींनी पट्टी उकळली. झाकण उचललं, वाफ घेतली. काहीच वास नाही. काहीच वास नाही म्हणजे शीट चांगली. हे त्यांच्या मनाने इतक्या चटकन म्हटलं, की दुसरा विचार पुढे यायला जागाच मिळाली नाही. वाटीतलं पाणी किंचित पिवळसर वाटलं. पण खिडकीचा पडदाही पिवळाच होता. पट्टी फडक्यावर घासली, फडकं स्वच्छ. मग तीन दिवस भात.

घरी दोघीच. मुलगा जहाजावर, वर्षातून दोनदा यायचा. सून दुपारी दुकानात बसून रिंगांच्या कडा साफ करायची, चकत्या जाडीप्रमाणे वेगळ्या लावायची, आणि संध्याकाळी घरचं बघायची. शांत स्वभावाची, कामाला वाघीण, बोलायला मोजकी. तिन्ही दिवस दोघी समोरासमोर बसून जेवल्या. तिसऱ्या दिवशी मावशींनी घास घेतला, चावला, गिळला आणि म्हणाल्या, "उत्तम." मग विचारलं, "तुला कसा वाटला?"

सून क्षणभर ताटाकडे बघत राहिली. "चांगलाय की, आई."

चौथ्या दिवशी साठ रिंगा कापून पाळणाघरात गेल्या.

पुढे पंधरा-वीस दिवसांनी, एका सुट्टीच्या दुपारी, मावशी स्वयंपाकघराच्या दाराशी पाट टाकून बसल्या होत्या. मांडीवर रिंगांचं ताट, हातात लहान कात्री. हाताच्या अंतरावर गॅसवर दूध. सून गच्चीत कपडे वाळत घालत होती. दोन मजले वर तिच्या नाकाला करपट वास लागला, आणि ती चिमटे हातात तसेच धरून जिना उतरत धावत आली. बघते तर दूध उतू जाऊन, आटून, तळाशी कोळसा झालेलं. ओट्यावर धुराचा लोट. आणि सासूबाई धुराकडे पाठ करून मन लावून रिंग कातरताहेत.

"आई!" तिने गॅस बंद केला. "अहो, वास नाही आला का तुम्हाला?"

मावशींनी वळून बघितलं. धूर दिसला, तेव्हा कुठे कळलं. "अगं, लक्ष नव्हतं माझं."

"लक्ष नसलं म्हणून काय झालं? खालचे बिऱ्हाडवाले वर यायला निघाले होते!" सुनेने चिमटे ओट्यावर ठेवले, खिडक्या उघडल्या, आणि मग काही सुचल्यासारखी थांबली. मसाल्याच्या डब्यातून एक लवंग काढून तिने दाताखाली फोडली आणि सासूच्या नाकाखाली धरली. "हे काय आहे, सांगा. डोळे मिटून."

"पोरखेळ कसला लावलाय?"

"सांगा ना."

मावशींनी डोळे मिटले. बराच वेळ गेला. "दालचिनी," त्या म्हणाल्या. अंदाज ठोकला, आणि या वेळी तो चुकला.

सून खाली बसली. "कधीपासून?"

"ताप आला होता ना... तेव्हापासून."

"म्हणजे महिना होऊन गेला! आणि तुम्ही..." ती बोलता बोलता थांबली. तिचा चेहरा बदलला. "आई, ती नवी शीट. पाळणाघराची."

"तिचं काय?"

"वास होता तिला."

मावशींच्या हातातली कात्री ताटात पडली.

"भाताला वास येत होता. तिन्ही दिवस. पहिल्या दिवशी तर उन्हात तापलेल्या टायरसारखा. तिसऱ्या दिवशी कमी होता, पण होता. जिभेला कडवटही लागत होतं, मी वर पाणी पीत होते."

"आणि तू चांगलाय म्हणालीस!"

"तुम्ही आधी उत्तम म्हणालात."

"अगं, म्हणून काय झालं? तोंड नाही का तुला?"

 सून जमिनीकडे बघत म्हणाली, "लग्न होऊन आले त्या वर्षी मी एकदा बोलले होते. एका शीटला वास येतोय म्हणून. तुम्ही म्हणालात, 'तुझं नाक अजून माहेरचंच आहे, चार वर्षं इथे राहू दे, मग बोल.' सगळे हसले होते. मामंजीसुद्धा."

मावशींना ते मुळीच आठवत नव्हतं. त्या दिवशी कोण कोण हसलं, कोण कुठे बसलं होतं, काही म्हणजे काही नाही. सुनेला मात्र शब्द न् शब्द पाठ होता. "चार वर्षं कधीच झाली की गं," त्या कशाबशा म्हणाल्या.

"अकरा झाली."

दोघींनी करपलेलं भांडं घासायला घेतलं. एक घासत होती, दुसरी पाणी ओतत होती. मावशींच्या डोळ्यांपुढे साठ बाटल्या उभ्या होत्या. गरम दूध, त्यात साय, वर झाकण, झाकणात ती रिंग. रबरातलं जे काही सुटायचं ते नुसत्या पाण्यापेक्षा गरम, स्निग्ध दुधात जास्त सुटतं, हे त्या आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आल्या होत्या. एका दिवसाच्या दुधाने कोणी आजारी पडत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. पण लेकरं एक दिवस थोडीच पितात. रोज दोन वेळा, थोडं थोडं.

"उद्या सकाळी सगळ्या परत आणू," सून म्हणाली. तिचा राग आता विरला होता. "आणि आई, नाकाचं काही सांगायला नको. आणखी चांगला माल आलाय, म्हणून बदलून देतोय, असं म्हणू. रिंगा निघाल्याशी कारण. उगाच बाजारात चर्चा कशाला?"

मावशींना ते पटलं. खरं सांगायचं तर पटलं म्हणण्यापेक्षा बरं वाटलं. लेकरांच्या पोटात जाणारंही थांबत होतं आणि आपलं नावही राहत होतं.

सकाळी दुकानाशी आल्या, किल्ली मुठीत धरली, आणि रोजचं मागणं ओठावर आलंच नाही. देवापुढे जे बोलायचं ते खरं बोलायचं, आणि आज त्यातलं अर्धं पोटात ठेवून त्या निघाल्या होत्या. शेवटी नुसतेच हात जोडले आणि सुनेला म्हणाल्या, "चल."

पाळणाघराचं स्वयंपाकघर मागच्या अंगाला होतं. उंच खिडक्या, मोठा ओटा, भिंतीलगत फळ्यांवर साठ बाटल्या उपड्या घातलेल्या, प्रत्येकीवर रंगीत चिकटपट्टी. आचारी पन्नाशीचा, पोट सुटलेला, आवाज मोठा आणि मन त्याहून. तो दुधाच्या कॅनमध्ये डोकं घालून उभा होता.

"या मावशी! बरं झालं आलात. जरा हुंगून बघा हे दूध. तुमच्यासारखं नाक या गावात नाही."

मावशी जागच्या जागी थबकल्या. "का, काय झालं दुधाला?"

"अहो, पंधरा दिवस झाले, पोरं दूध अर्धं टाकतात. एक चिमुरडी तर म्हणते, आचारीकाका, दुधाला खोडरबराचा वास येतो. आता मुलांचं काय धरायचं, पण रोज उरलेलं मोरीत ओततोय मी! दूधवाल्याला चांगला फैलावर घेतला. म्हटलं, कॅन धुतोस का नुसतं पाणी दाखवतोस? तो बिचारा देवाशपथ सांगतोय. मी ऐकणार आहे थोडाच! उद्यापासून दुसऱ्याचं दूध. सांगून टाकलंय त्याला, चौदा वर्षांचा संबंध संपला म्हणून."

सुनेने मावशींकडे बघितलं. मावशींनी फळीवरच्या बाटल्यांकडे. रिंगा गुपचूप बदलल्या असत्या, तर उद्यापासून दुधाचा वास गेला असता. दूधवालाही उद्यापासूनच बदलला असता. मग गाव म्हणालं असतं, बघा, त्याचाच दोष होता. चौदा वर्षं पहाटे उठून दूध घालणारा माणूस आयुष्यभर घाणेरडा ठरला असता, आणि रिंगमावशी उत्तम.

"मावशी, उभ्या का? बसा की," आचारी म्हणाला.

"नको. उभ्यानेच सांगते," मावशी म्हणाल्या. "दूध चांगलं आहे. दूधवालाही चांगला आहे. रिंगा माझ्या वाईट आहेत."

आचारी हसला. "काय थट्टा करता!"

"थट्टा नाही. माझं नाक गेलंय. महिना झाला. साबण कळत नाही, करपलेलं दूध कळत नाही. तुमच्या रिंगांची शीट मी तशीच पास केली. वास आला नाही, तो तिला नव्हता म्हणून नाही, तर मलाच येत नव्हता म्हणून. आणि हे ठाऊक असून मी गप्प बसले. या सगळ्या रिंगा काढा, मी घेऊन जाते."

आचाऱ्याचा मोठा आवाज कुठल्या कुठे गेला. त्याने फळीवरची एक बाटली उचलली, झाकण फिरवून काढलं, नखाने रिंग उपटली, वाटीत घातली आणि वर कढत पाणी ओतलं. थोड्या वेळाने वाटीवर वाकला आणि चेहरा वेडावाकडा करून मागे सरला.

"आता काय सांगू तुम्हाला," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी मला आला होता हा वास. रिंगा बसवतानाच. पण म्हटलं, मावशींनी दिल्यात म्हणजे नव्या रबराला असेल इतपत. आपण कोण शहाणे!"

मावशींनी फळीवरची दुसरी बाटली उचलून तिची रिंग काढायला घेतली. घरात सुनेला वास आला, इथे आचाऱ्याला आला, तीन वर्षांच्या चिमुरडीला तर पक्का आला. सगळ्यांची नाकं शाबूत होती, आणि सगळ्यांनी भरवसा टाकला तो नेमका एका बंद नाकावर.

"रागवा हो, रागवायचं तर," त्या म्हणाल्या.

"रागावलोच आहे," आचारी म्हणाला. "पण आधी दूधवाल्याला फोन करतो. त्याला काय काय बोललोय, माझं मला माहीत."

तिघांनी मिळून साठ रिंगा उपटल्या. आचाऱ्याने पलीकडे जाऊन दूधवाल्याशी बोलणं केलं. बरंचसं बोलणं "अरे बाबा, ऐक तर" एवढंच ऐकू आलं. नव्या रिंगा येईपर्यंत मुलं पेल्यातून दूध पितील, असं ठरलं. "सांडतील," आचारी म्हणाला. "सांडू देत," मावशी म्हणाल्या. पाळणाघराच्या बाईंनाही त्यांनीच जाऊन सगळं सांगितलं. बाईंनी साठ घरी कळवलं, कोणाला काही त्रास झालाय का ते विचारलं. तसं कोणी आजारी पडलेलं नव्हतं. ही देवाचीच कृपा, असं मावशी म्हणाल्या, पण त्या कृपेवर आपण पुन्हा विसंबायचं नाही हेही त्यांनी त्याच वेळी मनाशी ठरवलं.

शीटचं पुढे काय ते सुनेने बघितलं. जवळच्या शहरात अन्न आणि भांडी तपासणारी प्रयोगशाळा होती. तिने एक हातभर तुकडा कागदात गुंडाळून तिथे नेला. तिथल्या बाईंनी पद्धत समजावून सांगितली: तुकडा गरम पाण्यात ठेवायचा, आंबट पाण्यात ठेवायचा, तेलात ठेवायचा आणि रबरातून किती काय सुटलं ते मोजायचं. उत्तर आलं ते साफ होतं. ती शीट अन्नासाठी बनवलेलीच नव्हती. यंत्राखाली धक्का बसू नये म्हणून घालतात, त्यातली होती. जे सुटायला नको ते मापाच्या कितीतरी वर सुटत होतं. व्यापाऱ्याला फोन केला, तर म्हणाला, गुंडाळ्यांची अदलाबदल झाली असेल. त्याचा मागाहून येणारा कागद शेवटपर्यंत मागाहूनच राहिला.

प्रयोगशाळेतल्या बाई आणखी एक गोष्ट म्हणाल्या होत्या. ती सांगावी की नाही या विचारात सून दोन दिवस होती. मग एका दुपारी दुकानात कडा साफ करता करता म्हणाली, "आई, त्या बाई म्हणत होत्या, वास येतो ते नाकाला कळतं. पण काही काही गोष्टींना वासच नसतो. रंगही नाही, चवही नाही. त्या मोजल्याशिवाय कळत नाहीत. कितीही चांगलं नाक असलं तरी."

मावशींचा यंत्रावरचा हात थांबला. "म्हणजे चाळीस वर्षं मी..."

"चाळीस वर्षं आपण एकाच कारखान्याची शीट घेत होतो," सून म्हणाली. "तो माणूस चोख होता. कागद न मागता द्यायचा. सगळे जुने कागद ट्रंकेत आहेत. तुम्ही कधी उघडलेच नाहीत."

 इतकी वर्षं ज्या नावाला मावशी आपलं समजत होत्या, त्यातला अर्धा वाटा कुठल्याशा दूरच्या, थकलेल्या कारखानदाराचा होता, ज्याचा आवाजही त्यांनी दोन-चारदाच ऐकला असेल. वाईट वाटलं. पण अंगावरचं काहीतरी उतरलंही.

बाजारात चर्चा व्हायची ती झाली. काही गिऱ्हाइकं पलीकडे गेली. काही येऊन मावशींचं नाक आहे तिथेच आहे ना, हे बघून गेली. कुलूपवाला दोन दिवस विम्याची थट्टा गिळून बसला होता. तिसऱ्या दिवशी त्याला राहवेना. "मावशी, म्हटलं होतं ना, विमा उतरवा!"

"उतरवलाय," मावशी सुनेकडे बोट दाखवत म्हणाल्या. "अकरा वर्षांपूर्वीच. कागद आत्ता सापडला."

डॉक्टर म्हणाले, नाक येईलही, नाहीही. धीर धरा, रोज चार ओळखीचे वास घेत जा. म्हणून मावशी रोज सकाळी लवंग, लिंबाची साल, कॉफी आणि नव्या रबराची पट्टी नाकाशी धरतात. अजून तरी चारही सारखेच.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या कारखान्याची शीट आली. या खेपेला कागद आधी आला, शीट मागून. तरी सुनेने एक तुकडा प्रयोगशाळेत पाठवला. तिकडून होकार आल्यावर मग घरची रीत. पट्टी उकळली, वाफ सुनेने घेतली. वाटीतलं पाणी मावशींनी पडद्यापासून दूर, दारात नेऊन बघितलं. मग स्क्रूचं भांडं, आणि तीन दिवसांचा भात.

तिसऱ्या दिवशी ताटं वाढली. मावशींनी घास उचलला. "उत्तम" हा शब्द जिभेवर आयता आला होता. त्यांनी घास परत ताटात ठेवला आणि सुनेच्या तोंडाकडे बघत बसल्या. "तू आधी."

सुनेने एक घास खाल्ला. मग दुसरा. सावकाश चावला. अकरा वर्षांत कोणी तिचं चावणं इतकं निरखून बघितलं नव्हतं.

"मीठ विसरलात," ती म्हणाली.

"अगं, मिठाचं कोण विचारतंय! रबराचं सांग."

"रबराचं काही नाही. नुसता भाताचा वास आहे." मग थोडी हसून, "अळणी भाताचा."

"अस्सं," मावशी म्हणाल्या, आणि मग जेवल्या. अळणी तर अळणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली मुठीत धरून त्यांनी पुन्हा तेच मागणं मागितलं, या वेळी सगळंच्या सगळं. सून शेजारी हात जोडून उभी होती. मग साठ रिंगा कापल्या आणि दोघी पाळणाघरात गेल्या. ओट्याशी दूधवाला कॅन उतरवत होता. त्याने मावशींना बघून मान हलवली. फार गोड नाही, पण हलवली.

आचाऱ्याने पुडी उघडली. एक रिंग वाटीत घातली, वर कढत पाणी ओतलं आणि वाटीवर वाकला. मग दूधवाल्यालाही बोलावलं, "तूही ये रे." दोघांची डोकी एकाच वाटीवर. पूर्वी मावशींच्या रिंगेची अशी कोणी डोळ्यांदेखत परीक्षा घेतली असती, तर त्यांनी पुडी उचलून घरची वाट धरली असती.

"झालंच, मावशी," आचारी ओशाळून म्हणाला. "तुम्हाला वाईट वाटेल, पण..."

"सावकाश होऊ द्या," मावशी म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. "आणि त्या चिमुरडीलाही बोलवा की. तिचं नाक चांगलं आहे."